वडिलांची काडतुसं परराज्यातल्या मुलाकडं कशी न्यायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमानतळावर किंवा रेल्वे स्थानकावर एखाद्या प्रवाशाच्या बॅगेत जिवंत काडतूस सापडलं, गुन्हा दाखल झाला, अशी चार ओळींची बातमी आपल्या पानांवर अधूनमधून असते. वाचणाऱ्याला वाटतं, असेल कुणीतरी गुंड. माझ्या डोळ्यांपुढं मात्र गुंड येत नाही. येतो तो परवान्याची बंदूक बाळगणारा, पोरीच्या घरी निघालेला एखादा पेन्शनर, ज्यानं तीच बॅग मागं कधीतरी ड्यूटीवर नेली होती. अशी माणसं आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि त्यांना वेळेवर नीट सांगणारं कुणी नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. जरा लांबलं तरी छापावं, ही विनंती.

मी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं कोतावर गेली. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. तिथं रायफलीइतकाच राउंडांचा, म्हणजे काडतुसांचा, हिशेब कडक असतो. किती दिले, किती झाडले, किती परत आले आणि झाडलेल्यांचे रिकामे खोके, म्हणजे मागं उरलेल्या रिकाम्या नळ्या, किती, हे वहीत जुळल्याशिवाय फायरिंगचा दिवस संपत नाही. एक खोका कमी भरला तरी अख्खी कंपनी गवतात शोधत बसते. रेंजवरून उतरताना प्रत्येक जवान मोठ्यानं सांगतो की माझ्याकडं जिवंत राउंड नाही आणि रिकामा खोकाही नाही. अशा शिस्तीत वाढलेली माणसं गावी परत येतात, परवाना काढतात, बारा बोअरची बंदूक घेतात आणि मग काडतुसांचा डबा कपाटात लुगड्यांच्या मागं वर्षानुवर्षं पडून राहतो, हे मला बघवत नाही.

सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांची घरं किती आहेत हे मी सांगायला नको. कोरेगाव, खटाव, माण, पाटण, कुठंही जा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं तर देशाला माहीत आहेत. पेन्शनीवर आल्यावर बँकेत, कारखान्यावर किंवा एटीएमच्या गाडीवर गनमनची नोकरी मिळते, आणि स्वतःची बंदूक असलेल्याला तिथं आधी घेतात. काहींनी डोंगरकडेच्या शेतात रानडुकरांचा उपद्रव म्हणून परवाना काढलेला असतो. पुढं नोकरी सुटते, गुडघे दुखायला लागतात, बंदूक कपाटात जाते. मुलं तोवर बेळगावला, सुरतेला, हैदराबादला लागलेली असतात. आणि मग म्हातारा जातो.

माझ्याच पलटणीतले एक नायब सुभेदार शेजारच्या गावात असेच गेले. दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं. बंदूक कपाटात होती, परवाना तेलकट प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि खाली पत्र्याच्या डब्यात काडतुसं होती, खडकीच्या कारखान्याची, शक्तिमान छापाची. त्यांचा मोठा मुलगा बेळगावला एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. त्याचा स्वतःचा परवाना आहे, पण तो कर्नाटकातला. वहिनी म्हणाल्या, “भावजी, लेकाकडं लायसन हाय, बोअर बी तीच. हितं कोन वापरनार? लाडवाच्या डब्यात घालून यष्टीनं धाडू का? कंडक्टर वळखीचा हाय.”

मी म्हटलं, “वहिनी, तसलं काही करू नका. डबा हाय तिथंच ऱ्हाऊ द्या, कुलूप घाला.”

वहिनींचं काही चुकलं नव्हतं. आईनं लेकाला त्याच्या बापाची वस्तू पाठवायची, आणि लेकाकडं परवानाही आहे, यात वावगं काय, असं कुणालाही वाटेल. पण कायदा त्या काडतुसाकडं घरातली वस्तू म्हणून बघत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये बंदूक आणि दारूगोळा दोन्ही एका ओळीत आहेत. परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं हा जसा गुन्हा, तसाच काडतूस बाळगणं हाही गुन्हा. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नसतो. नायब सुभेदार गेले त्या दिवशी त्यांचा परवाना कुणाच्याही उपयोगाचा राहिला नाही. वहिनींनी डबा उचलून यष्टीत ठेवला असता तर परवाना नसलेल्या बाईनं दारूगोळा हलवला, एवढंच कागदावर आलं असतं.

आणि तो कंडक्टर? ओळखीपोटी त्यानं डबा घेतला असता आणि कागलच्या पुढं तपासणीत तो उघडला गेला असता, तर त्या बिचाऱ्यानं काय उत्तर दिलं असतं? गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की शस्त्राचा ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, जवळ काय आहे याची माणसाला कल्पना हवी. बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या काडतुसाबद्दल अनेकांना याच तत्त्वानं दिलासा मिळतो. पण लाडवाखाली ज्यानं स्वतःच्या हातानं डबी ठेवली, तो कुठल्या तोंडानं म्हणणार की मला माहीत नव्हतं? लपवून पाठवणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा आपणच तयार करणं.

तिथं वहिनींचा भाचा होता, पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो, हुशार पोरगा. त्यानं मोबाइल पुढं केला आणि म्हणाला, “काका, हे बघा, लोक कुरियरनं पाठवतात. नीट पॅकिंग करायचं, वर खूण चिकटवायची, झालं.” मी चष्मा लावून वाचलं तर ती सगळी माहिती अमेरिकेची. तिथं खाजगी मालवाहू कंपन्या ठरावीक अटींवर बंदुकीची काडतुसं जमिनीवरच्या वाहतुकीनं नेतात, खोक्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटीची मर्यादित प्रमाणाची खूण लावावी लागते. पण तिथलं सरकारी टपाल खातंसुद्धा काडतुसं घेत नाही, आणि प्रत्येक राज्याचा कायदा पुन्हा निराळा. कॅलिफोर्नियात तर बाहेरून मागवलेली काडतुसं परवानाधारक विक्रेत्यामार्फतच हातात पडतात, आणि २०१९ च्या जुलैपासून खरेदी करणाऱ्याची पूर्वपार्श्वभूमी तपासली जाते. म्हणजे जिथं घरोघरी बंदुका आहेत तिथंही भावानं भावाला खोकं पाठवायचं तर आधी दोन्हीकडचे नियम वाचावे लागतात. आपल्याकडं तो मार्गच नाही. इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा हीच परदेशी उत्तरं समोर येतात आणि आपल्या पोरांना ती आपली वाटतात, याची मला फार काळजी वाटते.

आपल्याकडं टपालानं स्फोटक वस्तू पाठवता येत नाही. यष्टीच्या पार्सलात ती चालत नाही, आणि कुठलीही नावाजलेली कुरियर कंपनी घराघरातून काडतुसं उचलत नाही. रेल्वेत लपवून धोकादायक माल चढवला तर रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साताऱ्याहून माहुलीच्या स्टेशनावर गाडीत बसलं की मिरजेवरून थेट बेळगाव, म्हणून अनेकांना हा सोपा रस्ता वाटतो, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. परवानाधारकानं स्वतःची काडतुसं स्वतःच्या परवान्यासह, परवान्याच्या हद्दीत नेणं ही वेगळी गोष्ट आहे. विमानातही तशी सोय आहे: कंपनीची आधी परवानगी घ्यायची, काडतुसं केबिनमध्ये न घेता तपासणी करून दिलेल्या सामानातच ठेवायची, नीट बांधलेली, एका माणसाची वेष्टनासकट पाच किलोपर्यंत, आणि दोघांचा वाटा एका खोक्यात घालायचा नाही. पण तीही स्वतःच्या वापराची. दुसऱ्याला पोचवायची नव्हे.

हद्दीचा मुद्दा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपला परवाना उघडून बघा, तो कुठपर्यंत वैध आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. कुणाचा महाराष्ट्रापुरता असतो, कुणाचा देशभर. महाराष्ट्रापुरता असेल तर कोगनोळीचा नाका ओलांडला की तो परवाना तिथं लागू नाही. उलट बेळगावच्या मुलाचा परवाना कर्नाटकापुरता असेल तर तो साताऱ्याला येऊन बापाचा डबा उचलून नेऊ शकत नाही. त्याला आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून हद्द वाढवून घ्यावी लागेल. त्याशिवाय परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे असतात, एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची. बापाची आणि मुलाची मिळून तो आकडा ओलांडला तर मुलगा स्वतःच्याच परवान्याचा भंग करून बसतो. आणि परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक क्रमांक आहे ना, हेही बघा. खेड्यातल्या कितीतरी जुन्या पुस्तकी परवान्यांवर तो चढवलेलाच नव्हता, आणि तो नसलेला परवाना ग्राह्य धरत नाहीत.

इतकं सगळं ऐकल्यावर भाचा म्हणाला, “मग माणसानं करायचं काय?” हा प्रश्न रास्त आहे, आणि कायद्यात त्याचं उत्तर आहे. दुर्दैव हे की ते उत्तर मराठीत, साध्या शब्दांत, कुठल्याही फलकावर लिहिलेलं मला दिसलेलं नाही.

परवानाधारक गेला तर कलम २१ प्रमाणं बंदूक आणि काडतुसं विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करायची. पावती घ्यायची, तीवर काडतुसांची संख्या, बोअर आणि छाप लिहून घ्यायचा. जमा केलं म्हणजे गेलं, असं नाही. ठरावीक मुदतीच्या आत कायदेशीर वारसाला ते बाळगण्याचा हक्क मिळाला तर परत घेता येतं, किंवा ज्याला हक्क आहे अशा माणसाला विकून पैसे घेता येतात. वारसासाठी परवाना मागायचा रस्ता शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे.

मालक जिवंत असेल आणि त्याला आपली काडतुसं परवाना असलेल्या मुलाला किंवा भावाला द्यायची असतील तर कलम ५ वाचावं. स्वतःच्या वापराची कायदेशीर काडतुसं दुसऱ्या हक्कदार माणसाला देता येतात, त्यासाठी विक्रीचा परवाना लागत नाही. पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, कुणाला देणार त्याचं नाव-पत्ता लिहायचा, आणि तसं कळवल्यापासून किमान पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे. मधल्या काळात डबा हलवायचा नाही. सख्ख्या मुलासाठी यात वेगळी सवलत नाही, आणि ती नसावी असं माझं मत आहे. कुणाकडून कुणाकडं गेलं हे सरकारला कळलं पाहिजे. कोतावर मी सख्ख्या भावालाही सहीशिवाय राउंड दिला नसता.

कलम ३ मध्ये आणखी एक छोटी सोय आहे, तिचा लोक चुकीचा अर्थ लावतात म्हणून सांगतो. परवानाधारकाच्या समोर, किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल तर, दुसरा माणूस त्याची बंदूक-काडतुसं दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी नेऊ शकतो. गुडघे गेलेल्या बापाची बंदूक मुलगा नूतनीकरणाला घेऊन जातो ते याच आधारावर. पण हे सोबत कागद घेऊन जाणाऱ्या माणसासाठी आहे, पार्सलासाठी नाही, आणि मेलेल्या माणसाच्या जुन्या सहीवर तर मुळीच नाही.

आता माझं स्पष्ट मत. बापाची बंदूक लेकाला हवीशी वाटते, ते मी समजू शकतो. तिच्यासाठी अर्ज करा, वारसाची कागदपत्रं जोडा, वेळ लागला तरी लागू द्या. पण काडतुसं परराज्यात नेण्याच्या भानगडीत पडूच नका. ती इथं जमा करा किंवा परवानाधारक विक्रेत्याला द्या, आणि मुलाला बेळगावात त्याच्या परवान्यावर नवी घेऊ द्या. विक्रेता त्याच्या परवान्यावर आणि स्वतःच्या वहीत नोंद करेल, हिशेब सरळ राहील. जुन्या काडतुसांचा भरवसाही नसतो. पावसाळ्यात ओल धरते, कागदी नळी असेल तर फुगते, पितळेवर हिरवं चढतं, आतली टोपी कधी पेटत नाही तर कधी उशिरा पेटते. चाप ओढल्यावर आवाज आला नाही म्हणून माणूस बंदूक उघडून बघायला जातो आणि नेमकं तेव्हाच पेट घेतं, हा प्रकार जीवघेणा आहे. कपाटात दहा पावसाळे काढलेल्या डब्यासाठी कुणी आपली नोकरी आणि बोटं पणाला लावू नयेत.

पार्सलाविरुद्ध माझा राग मुख्यतः दुसऱ्याच कारणासाठी आहे. काडतूस वाटेत फुटेल याची मला तितकीशी भीती नाही, नीट बांधलेलं असेल तर ते सहसा फुटत नाही. भीती आहे ती हरवण्याची. पार्सल गहाळ झालं, डबा कुणी उचलला, तर ती काडतुसं कुठं जातील? गावठी कट्ट्यात बारा बोअरचं काडतूस चालतं. कट्टा कुठल्यातरी शेडमध्ये पाइपाच्या तुकड्यापासून बनवता येतो, पण चांगलं कारखान्याचं काडतूस तसं बनवता येत नाही, ते बऱ्याचदा कुणाच्या तरी कायदेशीर डब्यातून गळतं. ज्या माणसानं आयुष्यभर देशाची राखण केली, त्याच्या डब्यातलं काडतूस एखाद्या पोराच्या छातीत गेलं तर त्या घरानं काय करायचं? आपल्याकडं लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडण्याचं खूळ आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय, आणि बहुतेकांना बाळगता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. कायदा कडक झाला ते योग्यच झालं. पण कडक कायद्याबरोबर तो पाळायची सोपी वाट दाखवायला हवी.

तिथंच सगळं अडतं. वहिनींना घेऊन मी एका पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण कुणा एका अंमलदाराची तक्रार करायची नाही. “साहेब नाहीत, उद्या या.” मग, “आधी मृत्यूचा दाखला आणा.” दाखला नेला तर, “बंदूक घेतो, काडतुसांचं कलेक्टर ऑफिसात विचारा.” तिथं खिडकीवर सांगितलं की काडतुसं ठाण्यातच जमा होतात. विधवा बाई पत्र्याचा डबा पिशवीत घेऊन या दारातून त्या दारात फिरते, तेव्हा प्रत्येक पावलाला ती कायद्याच्या कचाट्यात आहे, हे खुर्चीतल्या माणसाला जाणवू नये? मी सोबत होतो, कायदा माहीत होता, म्हणून लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, आणि अखेर पावती मिळाली. एकटी असती तर वहिनींनी डबा परत नेला असता आणि भाच्याच्या मोबाइलवरचा उपाय केला असता. त्यांना मी दोष दिला नसता.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हीच ठाणी बंदुका जमा करून घेतात. रजिस्टर असतं, पावती असते, निवडणूक झाली की परत मिळतात. म्हणजे व्यवस्था आहे, जागा आहे, कागद छापलेले आहेत. मग घरातला माणूस गेल्यावर तेच काम अवघड का व्हावं? जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे: मृत परवानाधारकाची शस्त्रं आणि काडतुसं त्याच दिवशी, एकाच भेटीत जमा करून घ्यावीत असा लेखी आदेश प्रत्येक ठाण्याला द्या. बाईमाणसानं किंवा म्हाताऱ्यानं फोन केला तर अंमलदारानं घरी येऊन पंचनामा करून डबा न्यावा. दारूगोळा रस्त्यानं हिंडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडंही मागणं आहे. पेन्शन, ओळखपत्र, मुलींच्या शिष्यवृत्तीची माहिती तुम्ही मेळाव्यात देता, त्यातच एक पान शस्त्र परवान्याचं घाला. मराठीत, मोठ्या अक्षरांत. परवाना कुणाच्या नावावर, हद्द कुठपर्यंत, माणूस गेल्यावर कुठं जायचं, परराज्यातल्या मुलाला काय देता येतं आणि काय नाही. पाटण, जावळीकडच्या लोकांसाठी त्यात आणखी एक ओळ हवी. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाची वन्यजीव कायद्याखाली वेगळी नोंद करावी लागते, आणि कोयनेच्या काठच्या कितीतरी जणांना ती माहीतच नाही.

खेळाडूंच्या पालकांनाही दोन शब्द. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळं आपल्या भागात नेमबाजी रुजली, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवल्यापासून सांगली-साताऱ्यातली पोरंही रायफल मागू लागली आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. दहा मीटरची एअर रायफल असेल तर वीस ज्युलच्या आतल्या ताकदीच्या, .१७७ मापाच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण पोर पन्नास मीटरला गेली की .२२ ची काडतुसं आली, आणि तिथून हे सगळे नियम लागू. भोपाळच्या किंवा दिल्लीच्या शिबिरात मुलीची काडतुसं संपली म्हणून घरून पाठवायचा विचार कृपया करू नका. तिच्या परवान्यावर, तिच्या संघटनेमार्फत तिथंच घ्यायची व्यवस्था प्रशिक्षकाला आधी विचारून ठेवा. एका पार्सलापायी पोरीचा परवाना गेला तर तिची सगळी मेहनत वाया जाईल.

शेवटी माझ्या वयाच्या जोडीदारांना सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून त्याला हयातीतच वारसाचं नाव देऊन परवान्यासाठी अर्ज करता येतो. देणं न देणं अधिकाऱ्याच्या हाती, पण अर्ज तरी करा. मी माझा भरला आहे. आणि आजच कपाट उघडा, काडतुसं मोजा, परवान्यावरच्या आकड्याशी ताळा घाला. जुन्या बॅगा, कोटाचे खिसे, गाडीची डिकी झटकून बघा, रिकामी नळीसुद्धा पोरांना खेळायला देऊ नका. परवान्याच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवा: मी गेल्यावर हे सगळं अमुक ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची, कुणाबरोबर कुठं पाठवायचं नाही. चिठ्ठी बायकोला आणि सुनेला वाचून दाखवा.

घरात बंदूक असल्याचं चारचौघांत कळू नये म्हणून माझं नाव छापू नये. नाव-पत्ता आणि परवान्याची प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे. या विषयावर कुणा माजी सैनिकाच्या घरून विचारणा आली तर माझा फोन त्यांना द्यावा, मी स्वतः सोबत येईन.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. कोरेगाव, जि. सातारा